राजकन्या धीट झाल्या, पण बोलतात पुरुषच!

रविवारच्या पुरवणीत ॲनिमेशनपटांतल्या राजकन्या ‘बदलत्या समाजाबरोबर कशा बदलल्या’ याचं कौतुक वाचलं आणि राहवलं नाही. लेखकाच्या मते स्नो व्हाइट आणि सिंड्रेला सोशिक, पण एरियल आली आणि चित्र पालटलं. कसलं पालटलं? ‘द लिटल मर्मेड’मध्ये (१९८९) ती पोरगी राजपुत्रापायी स्वतःचा आवाज गहाण टाकते. तिच्याभोवतीचा मासा पुरुष, खेकडा पुरुष, गलपक्षी तोही पुरुषच!

कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषाअभ्यासक बायकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजले. २०१६ मध्ये गाजलेले ते आकडे लेखात कसे नाहीत? ‘लिटल मर्मेड’मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुषांचं. ‘अलादिन’मध्ये ९०. आणि शौर्यासाठी जिचं नाव घेतात त्या ‘मुलान’मध्ये ७७! उलट १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त ७१ टक्के बोलणं बायकांचं, राजकन्या झोपलेली, पण तिघी पऱ्या आणि ती दुष्ट चेटकीण कुणाला बोलू देतील तर शपथ. ‘फ्रोझन’च्या (२०१३) नायिका दोघी बहिणी, पटकथा बाईची, दिग्दर्शनातही तिचा वाटा, तरी ५९ टक्के बोलणं पुरुषांचंच. नायिकेच्या हाती तलवार दिली की काम झालं, असं सिनेमे बनवणाऱ्या मंडळींना वाटतं. पहारेकरी, व्यापारी, प्रधान, गावकरी यांतलं कुणी बाई असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

‘ब्रेव्ह’ला अपवाद मानते. पण त्यातल्या नायिकेची, मेरिडाचीच, २०१३ मध्ये कंबर बारीक केली, गळा उतरवला, धनुष्य काढून घेतलं. तिला घडवणाऱ्या ब्रेंडा चॅपमन यांनाच जाहीर निषेध करावा लागला. लेखात याचा उल्लेख नाही.

आपल्याकडे तरी काय? ‘छोटा भीम’मध्ये लाडू द्यायचे चुटकीने, बळ यायचं भीमाला. २०२० च्या टाळेबंदीत ‘चुटकीला न्याय द्या’ म्हणून समाजमाध्यमांवर केवढा गलका झाला! कशासाठी? भीमाने राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं म्हणे. ही सगळी लहान मुलं आहेत, कुणाचं लग्न झालेलं नाही, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. चुटकीला न्याय म्हणजे नवरा मिळणं, एवढीच आपली झेप. आणि म्हणे समाज बदलला!

बोलण्याचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक. ‘फ्रोझन २’ हिंदी, तमीळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही. मुंबईत डबिंगचे एवढे स्टुडिओ असताना आमच्या नाती त्यातल्या एल्साला हिंदीतच ऐकणार. वितरकांना याचा जाब कोण विचारणार? निदान तुमच्या सिनेसमीक्षकांनी तरी विचारावा.

– एक आजी, डोंबिवली (पूर्व)