‘लिटरली’ आणि ‘अक्षरशः’

मधल्या सुटींत शाळेच्या आवारांत घटकाभर उभें राहिलें, तर एक इंग्रजी शब्द पांचदहा वेळां तरी कानीं पडतो. ‘मी लिटरली मेलों’, ‘सर लिटरली आग ओकत होते’, असें आमचे विद्यार्थी मोठ्या खुषीनें सांगतात. मेलेला विद्यार्थी घंटा होतांच वर्गांत जाऊन बसतो, हें सांगावयास नकोच!

लॅटिन भाषेंत ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून ‘लिटरली’ म्हणजे अक्षराला अक्षर धरून, अलंकार वगळून. सांगितलें तें जसेंच्या तसें घडलें, अशी ग्वाही देणें हें ह्या शब्दाचें मूळ काम. तोच शब्द आतां अतिशयोक्तीला जोर आणण्याकडे राबविला जातो. हा दोष आजकालच्या मुलांचाच, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशांत हा अर्थ बोलभाषेंतील म्हणून नोंदलेला असून, त्याचें पहिलें उदाहरण फ्रान्सेस ब्रुक ह्या लेखिकेच्या १७६९ सालच्या कादंबरींतून दिलेलें आहे. कोशकार फाउलर ह्यांनीं १९२६ सालीं ह्या प्रयोगाबद्दल तक्रार केली, तरी तो थांबला नाहीं. ‘व्हेरी’ हा शब्दहि मूळचा ‘खरा’ ह्या अर्थाचा. जोर देतां देतां तो नुसता ‘फार’ होऊन बसला. तेव्हां वापरानें शब्द झिजतात, हें कबूल केलें पाहिजे.

मग हरकत ती कोणती? आपल्या मराठींतील ‘अक्षरशः’ ह्या शब्दाचीहि तीच गत आहे, म्हणून घरचीच एक गोष्ट सांगतों. आमचे वडील बंधु वसतिगृहांत राहून शिकत असतां त्यांनीं घरीं लिहिलें, ‘येथें मी अक्षरशः उपाशी आहें.’ जेवण बेचव होतें, एवढाच त्याचा अर्थ. आईनें मात्र अक्षर न् अक्षर खरें मानलें. भाकरीचें गांठोडें घेऊन ती रात्रीच्या गाडीनें निघाली आणि पहांटे वसतिगृहाच्या दारांत उभी राहिली. मुलगा धडधाकट पाहून ती रागावली नाहीं. ‘बरा आहेस ना? झालें तर,’ एवढेंच म्हणाली. बंधूंना मान वर करवेना. पुढें एकदां ते खरोखरच तापानें अंथरुणास खिळले, तेव्हां ‘फार आजारी आहें’ हें लिहिण्यास त्यांची लेखणी धजेना. आपलें खरें आतां कोणास खरें वाटेल, ही त्यांना धास्ती!

विद्यार्थिमित्रांनो, कोश शब्दाचा वापर नोंदवितो. शब्दाची पत राखणें बोलणाऱ्याच्याच हातीं असतें. थट्टेंत ‘लिटरली’ म्हटल्यानें आकाश कोसळणार नाहीं. परंतु अर्जांत, साक्षींत, घरच्या पत्रांत तो शब्द किंवा त्याचा मराठी भाऊ योजण्यापूर्वीं क्षणभर स्वतःस विचारावें : हें असेंच घडलें काय? घडलें असेल, तर शब्द खुशाल लिहावा. नसेल, तर ‘भूक लागते’ एवढें साधें वाक्यहि आईला पुरेसें असतें.