वाघाची तक्रार



शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की अश्दोदच्या आमच्या घरी नातवंडं माझ्याभोवती जमतात. मोठी दोघं सोफ्यावर लोळतात. धाकटा मात्र मांडी घालून पुढ्यात बसतो आणि हुकूम सोडतो, "सावता, भोपळ्याची गोष्ट!" निम्मी मराठीत, निम्मी हिब्रूत अशी ही गोष्ट मी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल.

आजी-आजोबांना ती पाठच आहे. बाळगोपाळांसाठी थोडक्यात सांगते. एक म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत जंगलात वाघ भेटला, म्हणाला, तुला खातो. म्हातारी म्हणाली, "अरे, माझ्या अंगावर आहे काय? हाडं नि कातडी! लेकीच्या हातचं खाऊन जरा अंगाने भरते, मग येताना खा." वाघाने तिला जाऊ दिले. पुढे म्हातारी मोठ्या भोपळ्यात बसून, टुणुक टुणुक करत, त्याच्या नाकासमोरून घरी निघून गेली.

या वेळी धाकट्याने आधी भोपळ्यालाच हात घातला. इथल्या बाजारात भोपळा फोडी करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळतो. "एवढ्याशा फोडीत म्हातारी मावली कशी?" मी दोन्ही हात पसरून अख्खा भोपळा दाखवला. त्याचे समाधान झाले. मग दुसरा प्रश्न आला आणि मी अडकले.

"सावता, वाघाने शब्द पाळला ना?"

"पाळला."

"आणि म्हातारीने?"

"नाही पाळला."

"मग वाईट कोण?"

खरंच की! एवढी वर्षं गोष्ट सांगते, पण वाघाची बाजू कधी मनात आली नव्हती. मग आम्ही दोघांनी मिळून ती रचली. बिचारा रोज वाटेकडे डोळे लावून बसायचा. समोरून हरणं गेली तरी म्हणायचा, "नको, आमचं एका बाईंशी ठरलंय." अस्वल हसले, माकडांनी झाडावरून चिडवले, तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही. शेवटी समोरून गेला भोपळा! त्या दिवसापासून वाघ म्हणे कुठल्याही म्हातारीचा तोंडी शब्द घेत नाही. कागदावर सही मागतो.

मोठी नात म्हणाली, "आणि भोपळ्यातला गर कुठे गेला?" कुठे जाणार? लेकीने आठ दिवस घरच्यांना भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे आणि भोपळ्याचे भरीत खाऊ घातले असणार. जावई काय बोलला असेल, ते गोष्टीत नाही.

गोष्ट सांगणारा एकाची बाजू घेतो आणि बाकीचे गप्प राहतात. माझ्या वयाच्या वाचकांना चि. वि. जोशींचे चिमणराव आठवतील. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले होते. आम्ही तेव्हा इकडे आलेलो, पण पुस्तकं ट्रंकेतून आली होती. चिमणरावांची सगळी फजिती आपल्याला कळते, कारण सांगणारे तेच. त्यांच्या बायकोचे नाव काऊ. आता चिमणा आणि काऊ यांचा संसार एका घरात कसा चालला असेल, ते काऊलाच विचारायला हवे. तिने लेखणी उचलली असती तर चिमणरावांचे काही खरे नव्हते!

असे हसत होतो, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "पण सावता, म्हातारी परत गेलीच कशाला? लेकीकडे खायला होतं. वाटेत वाघ होता. इथेच राहायचं ना!"

मी हसले नाही.

1992 साली भारत आणि इस्राएल यांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळले. पुढच्या वर्षी माझी आई रेवदंड्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. मी 1970 साली आले, त्यानंतर पहिल्यांदाच. येताना तिने कोकम, पापड आणि सुके बोंबील आणले. बोंबलांच्या वासाने सगळा जिना जागा झाला. मी तिला रोज गोडधोड करून घातले. गाल जरा वर आले, रंग उजळला. म्हटले, "आई, आता राहा ना इथेच. एकटी काय करणार तिकडे?"

ती म्हणाली, "घर किती दिवस बंद ठेवायचं? विहिरीवरचा आंबा यंदा धरलाय. आणि तुझ्या बाबांची कबर आहे तिकडे, तिच्याकडे कोण बघणार?"

तिची बॅग मीच भरली. गुडघ्याचे मलम, खजूर, नातवंडांचे फोटो. विमानतळावर ती काचेपलीकडे गेली, एकदा वळली, हात हलवला. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

गोष्टीत म्हातारी पोचते, वाघ फसतो आणि मुले टाळ्या पिटतात. भोपळा कोरून, आईला आत बसवून, तो ढकलून देणारी लेक दारात किती वेळ उभी राहिली, ते कोणी सांगत नाही. मीही इतकी वर्षं सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. मोठी दोघंही सोफ्यावरून खाली येऊन बसली.

धाकट्याने थोडा विचार केला. मग कागद-रंग आणून त्याने भोपळा काढला. त्याला दोन चाकं, एक खिडकी आणि एक स्टिअरिंग. "सावता, हा परत पण येतो," तो म्हणाला. आणि वाघ? वाघ गाडी चालवतोय. शब्दाचा पक्का आहे ना, म्हणून त्याला नोकरी दिली. चित्र फ्रिजवर लावले आहे.

बाळगोपाळांनो, तुम्हीही आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या गोष्टीत कोण गप्प राहिले आहे? चिऊताईने पावसात दार लवकर का उघडले नाही? वाट्टेल ते उत्तर रचा आणि आम्हाला पाठवा. हिब्रूत लिहिलेत तरी चालेल, मराठीत मी करीन.

पुढच्या अंकापर्यंत शालोम!