बोंडं मोजता, पानंही पाहा

दसरा उलटला की कपाशीची लाल पानं पिशवीत घालून माणसं आमच्याकडं येतात. प्रश्न ठरलेला : "साहेब, कोणतं औषध मारू?" गेल्या हंगामात एकानं तर येण्याआधीच दोन फवारण्या उरकल्या होत्या. शेतात जाऊन पान उलटून पाहिलं, तुडतुडे नव्हते. तो लाल्या होता. कीटकनाशकाचे पैसे पाण्यात गेले.

कपाशीचं झाड म्हणजे एक घर समजा. पानं कमावती, बोंडं खाणारी. पूर्वी हिरवी बोंडअळी पहिल्या बहराच्या पात्या, फुलं फस्त करायची. नुकसान मोठं होतंच, पण तेवढ्या दिवसांत झाड फांद्या टाकायचं, पानं वाढवायचं आणि पुन्हा पात्या धरायचं. २००२ साली बीटी संकरित कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली आणि पहिलाच बहर झाडावर टिकू लागला. चांगलंच झालं, पण खाणारी तोंडं एकाच वेळी वाढली. बोंडं भरताना पानांत तयार झालेली साखर तीच ओढून घेतात, मुळांच्या वाट्याला थोडीच येते. मुळं थकली की झाड जुन्या पानांतलं नत्र, मॅग्नेशियम काढून बोंडांना देतं. पान लाल पडतं, गळतं. कमावताच बसला, मग शेंड्याकडची बोंडं कुठून पोसणार? हलक्या जमिनीत, पावसानं ताण दिला आणि रात्री गार पडू लागल्या, की हे लवकर घडतं.

अशा वेळी आपण वाणाला शिव्या देतो. पाकिटावरचं भरगच्च झाडाचं चित्र पाहून बियाणं घेतो, ते झाड कोणत्या जमिनीत, किती पाण्यावर वाढलं हे विचारत नाही. बीटी जनुक अळीपासून राखण करतं, झाडाला जेवू घालत नाही. गुलाबी बोंडअळीपुरती तर ती राखणही उरली नाही. २०१७ चा हंगाम कोण विसरलं आहे?

मुरमाड रानात मोठ्या झाडाचा, शंभर बोंडांचा हव्यास नको. लवकर येणारं वाण थोडं दाट लावा, झाडाला कमी बोंडं असली तरी ती पोसतील. सगळा युरिया पहिल्या पावसातच टाकून मोकळे होऊ नका. पेरणीला थोडा, महिन्यानं थोडा आणि ओल असेल तर दोन महिन्यांनी, म्हणजे पोळ्याच्या आसपास, उरलेला द्या. लाल्या दरवर्षी येत असेल तर एकरी १० किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून द्या. फुलं लागताना १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि बोंडं भरताना तेवढंच डीएपी फवारा. डीएपी मात्र रात्री भिजत घाला आणि सकाळी वरची निवळीच घ्या, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं.