अतिस्थौल्य, रोबोटिक शस्त्रक्रिया आणि आपले कर्तव्य



धायरीतील आमच्या चिकित्सालयात 38 वर्षांच्या एक भगिनी येत असत. उंची 162 सेंमी, वजन 124 किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स 47 च्या वर. सोबत मधुमेह, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडकणे. उद्वर्तन, लेखन बस्ती, नवक गुग्गुळ व पथ्य असा उपक्रम आम्ही दोन वर्षे केला. 11 किलो वजन उतरले. पैकी 9 किलो परत आले. एके दिवशी त्यांनी विचारले, “डॉक्टर, मुलगा म्हणतो रोबोटने वजनाचं ऑपरेशन होतं. करू का?” आम्ही म्हणालो, “अजून सहा महिने औषध घेऊन पाहू.” त्या सहा महिन्यांत त्यांना इन्सुलिन सुरू झाले. आमच्या उत्तरात शास्त्रापेक्षा अभिमान अधिक होता, हे आज मान्य केले पाहिजे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगताना प्रारंभच आयुष्याच्या ऱ्हासाने केला आहे. स्थौल्य हे कार्श्यापेक्षा चिकित्सेस कठीण, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्याच आचार्यांनी पक्व गुल्माच्या चिकित्सेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाकडे दिला. आपल्या मर्यादेपलीकडचा रुग्ण शल्यविदाच्या हाती सोपविणे ही आपलीच परंपरा आहे.

आता रोबोटविषयी. हे यंत्र स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. शल्यचिकित्सक बाजूच्या आसनावर बसून त्याचे हात चालवितो. अमेरिकेत 2000 साली ‘दा विंची’ यंत्रणेस मान्यता मिळाली; आता ‘एसएसआय मंत्र’ ही भारतीय यंत्रणाही आली आहे. त्रिमितीय दृश्य आणि मनगटासारखी वळणारी उपकरणे यांचा लाभ जाड उदरभित्तीत व पुनर्शस्त्रक्रियेत विशेष होतो. तथापि साध्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या पद्धतीपेक्षा ती निर्णायक सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि खर्च मात्र वाढतो. म्हणून रुग्णाने यंत्राआधी शल्यचिकित्सकाचा अनुभव, अतिदक्षतेची सोय आणि नंतरच्या पाठपुराव्याची व्यवस्था विचारावी.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो. भूक वाढविणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात निर्माण होत असल्याने क्षुधाही मंदावते. अतिक्षुधेला स्थौल्याचे लक्षण मानणाऱ्या आपणांस याचे महत्त्व सहज कळेल.

कोणाला पाठवावे? इंडेक्स 40 च्या वर, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास 35 च्या वर, हा 1991 पासूनचा निकष. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो आणखी शिथिल केला. विमा नियामकाच्या 2019 च्या मार्गदर्शनातही 40 व 35 हेच आकडे आहेत. सहव्याधींची यादी मात्र ठरलेली आहे. 2025 पासून वजनासाठीची नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. आमचे मत असे की, या मर्यादेतील रुग्णास पहिल्याच भेटीत सर्व पर्याय सांगावेत, निर्णय त्याचा.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा आपल्याच दारी येतो, आणि येथे आपली खरी कसोटी आहे. पहिल्या काही आठवड्यांत जलद नाडी, ज्वर वा वाढती उदरवेदना दिसल्यास काढा देत बसू नये. शिवण गळत असण्याची शंका घेऊन तत्काळ परत पाठवावे. सतत वांती होत असल्यास थायमिनची कमतरता होऊन मज्जासंस्थेस इजा होऊ शकते. मधुमेहाच्या औषधांची गरज झपाट्याने घटते; त्यात आपल्या प्रमेहहर औषधांची भर शल्यचिकित्सकास न कळविता घालू नये. वमन व तीक्ष्ण विरेचनाचेही तसेच. बी-12, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची पूर्ती आजन्म चालते. “गोळ्या बंद करा” असा सल्ला देण्याचे पाप आपण घेऊ नये. बायपास झालेल्यांनी मिश्री, तंबाखू व वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, अन्यथा जोडाजवळ व्रण होतो. मिश्रीची सवय आपल्याइतकी कोण ओळखतो?

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत मेदवृद्धी समाविष्ट आहे; “महिन्यात दहा किलो” अशी पाटी हा त्याचा भंग आहे. अशा डब्यांवर अतिस्थूल रुग्णाची जी वर्षे जातात, ती परत मिळत नाहीत.

त्या भगिनींची शस्त्रक्रिया अखेर झाली, तीही साध्या दुर्बिणीने. रोबोटची आवश्यकता नाही, असे शल्यचिकित्सकांनीच सांगितले. इन्सुलिन थांबले आहे. दर महिन्यास त्या आमच्याकडे पथ्य विचारावयास येतात: नाचणीची पेज किती, ताक केव्हा, मुगाचे कढण कसे. पूर्वीच पाठविले असते तर, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. आम्ही मात्र तो स्वतःस विचारतो.

संघटनेने अशा रुग्णांसाठी संदर्भपत्राचा एक समान नमुना सर्व शाखांना द्यावा, अशी आमची सूचना आहे. आपली मते अवश्य कळवावीत.