दर्जा कुणाचा, खुर्ची कुणाची?

चर्चेचा दर्जा घसरत चालला आहे, अशी ओरड वैचारिक व्यासपीठांवर सतत ऐकू येते. ओरड करणारे बहुतेक पुरुष. आणि त्यांच्या मते दर्जा घसरतो तो नेमका बायका बोलायला लागल्या की! बाई अनुभवातून बोलली तर ‘हे वैयक्तिक झालं’. आवाज चढवून बोलली तर ‘हे भावनिक झालं’. मुद्देसूद बोलली तर ‘हे कुणीतरी शिकवून पाठवलेलं’. मैत्रिणींनो, हा दर्जा म्हणजे काय, तो ठरवतं कोण, आणि चर्चा चालवणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे आता सरळ विचारायला हवं.

हा प्रश्न फक्त पुण्या-मुंबईचा नाही, आपल्या खानदेशाचाही आहे. १९१६ साली प्रतापशेठांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडगिरणीच्या गावात कृष्णचंद्र भट्टाचार्य, मलकानी, रासविहारी दास यांच्यासारखे पंडित येऊन राहिले. साने गुरुजीही १९२०च्या दशकात आधी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले, मग गावातल्या शाळेत शिक्षक झाले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक तिथूनच निघत असे आणि जाणकारांत त्याला मान होता. याचा अभिमान आपल्यालाही आहे.

पण त्याच काळात, त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यात आणखी एक तत्त्वचिंतन चाललं होतं. असोद्याची लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जात्यावर, शेतात काम करता करता मन म्हणजे काय, जगणं-मरणं म्हणजे काय, देव कुठे असतो, याचा विचार लेवा बोलीत मांडत होती. तिला अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जे टिपून ठेवलं तेवढंच उरलं, आणि त्याचं पुस्तक १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर निघालं.

मंदिरातल्या कुणाचा हेतू वाईट होता, असं म्हणायचं नाही. दारावर ‘बायांना मज्जाव’ अशी पाटी लावावीच लागत नाही. भाषा, पदवी आणि मोकळा वेळ ही तीन कुलपं पुरतात. इंग्रजीतला युक्तिवाद म्हणजे तत्त्वज्ञान आणि लेवा बोलीतला युक्तिवाद म्हणजे लोकगीत, ही वाटणी एकदा झाली की भांडणाची गरजच उरत नाही. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं, तेही ‘कवयित्री’ म्हणून. नाव देणं सोपं आहे. तिच्या म्हणण्याला विचार समजून प्रतिवाद करणं, तिच्याशी वाद घालणं, हा खरा सन्मान. तो अजून द्यायचा आहे.

आता प्रश्न विचारणारीचं काय होतं ते पाहा. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेतला वाद आहे. बक्षीस हजार गाईंचं. गार्गीने विणकामाची भाषा घेऊन प्रश्न केला: हे सारं पाण्यात ओतप्रोत विणलेलं असेल, तर पाणी कशात विणलेलं आहे? उत्तर आलं की पुढचा प्रश्न, पुन्हा पुढचा. शेवटी याज्ञवल्क्याने बजावलं, आता जास्त विचारू नकोस, नाहीतर डोकं गळून पडेल. उत्तर संपलं की धमकी सुरू होते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

कुणी म्हणेल, पुढे शाकल्याचं डोकं खरोखरच गळून पडलं आणि तो तर पुरुष होता. खरं आहे. म्हणजे त्या सभेचा नियमच असा होता की उत्तर न देता आल्यास माणूसच संपवायचा. अशा चर्चेला आपण थोर म्हणत आलो! पण गार्गी एकदा गप्प बसवली गेली तरी घरी गेली नाही. ती पुन्हा उभी राहिली, सभेची परवानगी घेऊन दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं मिळवली आणि याला कुणी जिंकू शकणार नाही, हा निवाडाही तिनेच सांगितला. पोथी सांगताना पहिली धमकी रंगवून सांगतात, हा दुसरा भाग मात्र घाईत उरकतात.

आपल्या मुक्ताईचंही तेच. चांगदेवाने कोरं पत्र पाठवलं, तेव्हा चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं म्हणणारी ती लहान मुलगी. पुढे तो तिचाच शिष्य झाला, असं परंपरा सांगते. मुक्ताईनगरहून तिची पालखी दरवर्षी पंढरीला जाते. पालखीला खांदा देणाऱ्या घरात मुलीने वडीलधाऱ्यांना असा एक शब्द ऐकवून पाहावा!

मग चर्चेला अध्यक्षच नको, नियमच नकोत, असं म्हणायचं का? मुळीच नाही. नियम नसले की मोठ्या आवाजाचं राज्य येतं. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांत काम केलेल्या जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच मांडलं होतं: ‘आमच्यात कुणी नेता नाही’ असं म्हणणाऱ्या गटातही नेतृत्व असतंच, फक्त ते लपलेलं असतं, त्यामुळे त्याला जाब विचारता येत नाही. आपल्या बैठकांतही शहरातली, शिकलेली, सफाईने बोलणारी बाई बोलत राहते. साक्रीची अहिराणी बोलणारी किंवा शिरपूरकडची पावरी बोलणारी बाई मान डोलावते. त्या मान डोलावण्याला आपण सहमती समजायचं?

म्हणून खुर्ची मोडायची नाही, ती फिरती ठेवायची. चर्चा चालवणारी दर बैठकीला वेगळी असावी आणि नियम सुरुवातीलाच मोठ्याने सांगावेत. वेळ सर्वांना सारखा, पाहुण्या प्राध्यापकालाही. जी अजून बोललेली नाही तिला आधी संधी. विचारावर कितीही कडक टीका चालेल, पण बाईच्या चारित्र्यावर, जातीवर, बोलीवर शब्द आला की तिथेच थांबवायचं. ‘अध्यक्षांची नजर गेली नाही’ ही सबब ऐकायची नाही. एखादा प्रश्न बाजूला ठेवला तर का ठेवला हे सांगायचं. आणि नोंदवही! बहिणाबाईचे शब्द उरले ते कुणीतरी लिहून घेतले म्हणून. बोलणारीच्या बोलीत लिहावं, आणि शेवटी तिला वाचून दाखवावं.

दर्जाचं मापही मग आपलंच राहील. किती संस्कृत वचनं आली, किती इंग्रजी नावं घेतली, यावर ते ठरणार नाही. सर्वांत अडचणीचा प्रश्न कुणी विचारला, आणि तिला उत्तर मिळालं की दटावणी, एवढंच पाहायचं. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक मंडळाने पुढच्या बैठकीआधी आपली जुनी नोंदवही काढावी आणि गेल्या वर्षभरात कुणाची नावं त्यात एकदाही आलेली नाहीत, ते मोजावं. पुढची बैठक त्या बायांपासून सुरू करावी.