परदेशात भाड्याची दुचाकी : चावी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली का?



आपल्या हाताखालून गेलेली मुलं आता कॉलेज संपताच परदेशात फिरायला जाऊ लागली आहेत. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमान आहे, खर्चही अनेक घरांच्या आवाक्यात आला आहे. आणि तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दुचाकी भाड्याने घ्यायची, हेही ठरलेलं असतं. दा नांग ते ह्युए या वाटेवरचा हाय व्हान घाट बघायचा, एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला समुद्र. मुलांनी जाऊ नये असं मी मुळीच म्हणणार नाही. पण निघण्यापूर्वी त्यांच्याशी एक गोष्ट बोलायला हवी, आणि ती आपल्याकडे घरात बोलली जात नाही, शाळेतही नाही.

गाडी चालवता येणं आणि गाडी चालवण्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. त्याची मुदत एक वर्ष. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, १९४९ च्या करारात नाही. त्यामुळे खिशात आपला परवाना आणि आरटीओचं पुस्तक दोन्ही असूनही तिथे दुचाकी चालवणारा आपला मुलगा कायद्याच्या नजरेत विनापरवाना असतो. ५० सीसीच्या आतल्या गाडीला तिथे परवाना लागत नाही हे खरं, पण पर्यटकांना मिळतात त्या गाड्या बहुतेक ११० सीसीच्या पुढच्या.

"पण दुकानदार तर देतो की!" हो, देतो. तो पासपोर्ट बघतो, पैसे घेतो, चावी देतो. त्याचा धंदा आहे तो. गोव्यात आपली मुलं हेच शिकलेली असतात : ओळखपत्र ठेवा, स्कूटर न्या. (तिथेसुद्धा काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडीच रीतसर भाड्याची असते, हे किती जण बघतात?) खरं तर हा धडा त्याहूनही आधी घरीच मिळतो. सोळा वर्षांच्या मुलाला "जा रे, कोपऱ्यावरून दूध घेऊन ये" म्हणत आपणच स्कूटरची चावी देतो. चालवता येते ना, मग झालं!

याची किंमत पोलिसांच्या दंडापुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. खरी अडचण दवाखान्यात येते. प्रवास विम्याच्या कागदात शेवटच्या पानांवर अपवादांची यादी असते, आणि वैध परवाना नसताना वाहन चालवून झालेला अपघात त्या यादीत सहसा असतो. पाय मोडला, शस्त्रक्रिया करावी लागली, खास व्यवस्थेने मायदेशी आणावं लागलं, तर ते सगळं घरच्यांच्या खिशातून. विमा काढला म्हणून निश्चिंत बसलेल्या आईवडिलांना हे मध्यरात्रीच्या फोनवर कळतं.

आता रस्त्याकडे वळू. व्हिएतनाममध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात. पालकांना भीती वाटते ती हनोईच्या गर्दीची. माझ्या मते गर्दीत त्या मानाने धोका कमी, कारण आजूबाजूच्या शंभर गाड्या तुम्हाला बरोबर बाजूला ठेवतात. धोका रिकाम्या रस्त्यावर. सकाळी सहाला हॉटेलातून बाहेर पडताना, पेट्रोल भरून पंपावरून रस्त्याला लागताना, घाटात फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना समोर कोणी नसतं आणि हात आपोआप डावीकडे वळतात. इतक्या वर्षांची सवय आहे ती, चार दिवसांत कशी जाईल? चौकातही सगळं उलटं. आपल्याकडे डावं वळण सोपं आणि उजवं अवघड. तिथे डावीकडे वळताना समोरची वाहनं आडवी येतात, आणि गोल चौकाला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळसा घालावा लागतो. पायी चालणाराही सुटत नाही. "आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे" हे आपणच पहिलीपासून घोकून घेतलेलं. तिथे पहिली गाडी डावीकडून येते!

हेल्मेट तिथे चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही सक्तीचं आहे. डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर. आणि २०२० पासून दारूचा एक थेंबही चालत नाही, "एकच बिअर" ही सबब तिथे ऐकली जात नाही.

वर्गात यासाठी वेगळा तास नको. भूगोलाच्या तासाला फळ्यावर चौक काढा, वाहनं उजव्या बाजूने चालतात असं सांगा आणि मुलांना पंपावरून बाहेर पडणारा बाण काढायला लावा. किती बाण चुकीच्या बाजूला जातात ते बघा. मग तोच चौक थायलंडचा समजून काढायला सांगा. तिथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून मुलं सुटकेचा श्वास टाकतील. तेव्हा विचारा, परवान्यावर दुचाकीचा वर्ग आहे का? कारण आंतरराष्ट्रीय परवान्यात 'ए' म्हणजे मोटारसायकल आणि 'बी' म्हणजे मोटार. नुसता मोटारीचा शिक्का असेल तर थायलंडमध्येही दुचाकी चालवायची नाही.

आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी व्हिएतनामची तिकिटं दाखवेल तेव्हा घाटाला नाही म्हणू नका. तिथे स्थानिक चालक पर्यटकांना मागे बसवून तोच घाट फिरवतात. शहरात ग्रॅब ॲपवर दुचाकी टॅक्सी मिळते, चालक मागच्यासाठीही हेल्मेट आणतो. त्यासाठी वेगळे पैसे आधीच हातात द्या, म्हणजे भाड्याची गाडी स्वस्त पडते हे कारण उरणार नाही.