हाताची घडी, तोंडावर बोट

शाळेत बाई दिवसातून दहा वेळा एकच हुकूम सोडायच्या: हाताची घडी, तोंडावर बोट. घडी घातलेलं मूल म्हणजे शहाणं, लक्ष देणारं मूल. पुढे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी दोन दिवसांचं सॉफ्ट स्किल्स ट्रेनिंग झालं. तिथले सर म्हणाले, इंटरव्ह्यूत हाताची घडी घालू नका, त्याचा अर्थ तुम्ही मनाची दारं बंद करून बसलाय. हात तेच, घडीही तीच. मग अर्थ कधी आणि कुणी बदलला? हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही.

त्याच ट्रेनिंगमध्ये ती प्रसिद्ध स्लाइड होती. संवादात शब्दांचा वाटा ७%, आवाजाचा ३८% आणि देहबोलीचा ५५%. तुम्हीही ती कुठल्यातरी रीलवर पाहिली असेल. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एका प्रयोगात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज करायला सांगितलं. बस्स, एवढंच. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलंय. आणि साधा विचार करा: ९३% अर्थ शब्दांबाहेर असता, तर आवाज बंद करून लेक्चरचा व्हिडिओ बघून आपण पास झालो असतो.

दुसरी थाप खोटं पकडण्याची. नाकाला हात लावला, नजर चुकवली, की माणूस खोटारडा! २००६ साली बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे लोकांनी सरासरी ५४% वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं तरी ५०% मिळतात. अमेरिकेने विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव वाचून संशयित हेरायची योजना चालवली, तिच्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं की ही पद्धत चालते याचा पुरेसा पुरावा नाही, निधी मर्यादित ठेवा.

‘मग काय, देहबोली नसतेच का?’ असते की! आई नुसती ताटं कशी ठेवते यावरून आजीला कळायचं की आज काहीतरी बिनसलंय. पण आजीकडे तीस वर्षांचा डेटा होता. रोजची आई कशी, हे माहीत असल्यामुळे आजची वेगळी आई तिला दिसायची. इंटरव्ह्यूत मी समोरच्या पोराला चाळीस मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं असतं. त्याची रोजची नजर कशी, हे मला ठाऊकच नसतं. मग मी त्याची तुलना कुणाशी करतो? माझ्याशी. अनोळखी माणसाची देहबोली वाचणं म्हणजे बहुतेक वेळा तो आपल्यासारखा आहे की नाही, एवढंच मोजणं.

भाषेकडेच बघा. आपल्याकडे नजरेला नजर भिडवतात ती भांडणात. ‘वर तोंड करून बोलतोस?’ ही शिवी नसली तरी शिवीच्या जवळची. घरी वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून मोठ्या झालेल्या मुलाला आपण एसी केबिनमध्ये बसवतो आणि लिहितो: ‘लॅक्स कॉन्फिडन्स’.

हे मी स्वतः लिहिलंय. गेल्या वर्षी मी पॅनेलवर होतो. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजचा मुलगा होता. कोड बरोबर होता. कोड असाच का लिहिला, तेही त्याने नीट सांगितलं, फक्त टेबलाकडे बघत आणि प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावत. फॉर्मवरच्या ‘कॉन्फिडन्स’ रकान्यात मी पाचपैकी दोन दिले. एकूण बेरजेत तो एका गुणाने राहिला.

रात्री घरी जाताना आठवलं, त्याच्या वयात मीही टेबलाकडेच बघायचो. ट्रेनिंगच्या सरांनी युक्ती सांगितली होती: डोळ्यांत बघवत नसेल तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघा. मी बघितलं आणि निवडलो गेलो. माझा आत्मविश्वास तेव्हाही दोनच होता. मला फक्त ट्रेनिंगवाले सर मिळाले होते.

आता हेच काम सॉफ्टवेअर करू पाहतंय, म्हणजे आम्हीच. हायरव्ह्यू ही कंपनी व्हिडिओ इंटरव्ह्यूतल्या चेहऱ्यांचं विश्लेषण करायची. टीका झाल्यावर ते थांबवल्याचं तिने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपियन युनियनने तर नोकरी आणि शिक्षणाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या एआयवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. आपल्याकडे असा कायदा नाही. माझ्यासारख्यांनी दिलेले ‘दोन’ उद्या एखाद्या मॉडेलचा ट्रेनिंग डेटा होतील आणि तेव्हा रात्री घरी जाताना कुणाला काही आठवणारही नाही.

तो रकाना काढा, असं मी एचआरला सांगितलं. उत्तर आलं, क्लायंटसमोर बोलायला कॉन्फिडन्स लागतो. मग बोलणं तपासा ना! उमेदवाराला स्वतःचा कोड समजावून सांगायला लावा. तुम्हाला समजला, तर संवाद झाला. तेव्हा त्याचे डोळे टेबलावर होते की छताला, याने काय फरक पडतो?

रकाना अजून आहे. मी तो कोरा सोडतो आणि शेजारी उमेदवाराने काय सांगितलं ते लिहितो. दरवेळी एचआरचा मेल येतो की फॉर्म अपूर्ण आहे. येऊ दे. त्या मुलाचा एक गुण मात्र मला आता परत देता येत नाही.